दिव्यामागील दृष्टी : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव उच्चारताच हाती दिवा घेऊन रात्रीच्या प्रहरी जखमी सैनिकांच्या रांगांतून फिरणारी एक करुणामूर्ती डोळ्यांसमोर उभी राहते. शालेय पाठ्यपुस्तकांनी हे चित्र आपल्या कित्येक पिढ्यांच्या मनावर कोरले आहे. ते असत्य नाही. चित्रकारांनी तिच्या हाती दिलेला डौलदार दिवा मात्र कल्पनेतला. खरा दिवा म्हणजे तुर्की पद्धतीचा, घडी घालता येणारा साधा कंदील होता. पण नव्वद वर्षांच्या दीर्घ आयुष्यात हा कंदील हाती असण्याचा काळ जेमतेम पावणेदोन वर्षांचा आहे. त्यानंतर त्या चोपन्न वर्षे जगल्या. त्यांपैकी बराच काळ प्रकृतीच्या अस्वास्थ्याने त्या घरातच, किंबहुना एका खोलीतच होत्या. त्या खोलीतून त्यांनी जे कार्य उभे केले त्याचे महत्त्व कंदिलाच्या कार्याहून कितीतरी मोठे आहे. रुग्णालयात बरा होण्यासाठी आलेला माणूस रुग्णालयातच लागलेल्या रोगाने मरू नये, आणि तो मरू नये म्हणून उत्तरदायित्व स्वीकारणारी माणसे प्रत्येक रुग्णालयात असावीत, हा त्या कार्याचा गाभा होता.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत त्यांचा जन्म झाला. जन्मगावाचेच नाव कन्येला देण्याची हौस आईवडिलांना होती. नेपल्स येथे जन्मलेल्या थोरल्या मुलीला त्यांनी त्या शहराच्या प्राचीन ग्रीक नावावरून पार्थेनोपी असे नाव दिले होते. कुटुंब अत्यंत सधन. डर्बीशायर व हॅम्पशायर या दोन परगण्यांत प्रशस्त घरे, नोकरचाकर, मेजवान्या, प्रवास. वडील विल्यम नाइटिंगेल यांनी दोन्ही मुलींना स्वतः ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान शिकवले. फ्लॉरेन्सचा ओढा गणिताकडे होता आणि आकड्यांत तिला विलक्षण गोडी वाटे. पुढे या गोडीने सहस्रावधी प्राण वाचवले.

सतराव्या वर्षी, फेब्रुवारी १८३७ मध्ये, आपल्याला ईश्वराने सेवेसाठी बोलावले आहे अशी तिची श्रद्धा झाली. सेवा कोणती, हे उमगण्यास काही वर्षे गेली. रुग्णसेवा हाच आपला मार्ग हे ठरल्यावर घरात जणू वीज कोसळली. त्या काळी इंग्लंडातील रुग्णालये दुर्गंधीची आगरे होती आणि तेथे काम करणाऱ्या परिचारिकांची गणना मद्यपी, अशिक्षित व संशयित चारित्र्याच्या स्त्रियांत होत असे. १८४५ मध्ये नजीकच्या सॅलिसबरी येथील रुग्णालयात काही महिने शिकण्याची तिची विनंती आईने धुडकावली. पुढची आठ वर्षे घरच्यांशी मूक संघर्षात गेली. पहाटे उठून, मेणबत्तीच्या उजेडात, ती युरोपातील रुग्णालयांचे अहवाल वाची व आकडे टिपून ठेवी. एका सुसंस्कृत गृहस्थाची मागणी तिने नाकारली. अखेर १८५१ मध्ये जर्मनीतील कैसर्सवर्थ येथील सेवाश्रमात तीन महिने शिकण्याची अनुज्ञा मिळाली आणि ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील स्त्रियांच्या एका लहान रुग्णालयाचे व्यवस्थापन तिच्या हाती आले. प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी यावे, जेवण वर नेण्यासाठी यांत्रिक पाळणा असावा, असे तिचे पहिले आग्रह होते. परिचारिकेचे पाय जिने चढण्यात झिजले तर तिचे लक्ष रुग्णाकडे कसे राहणार, असा तिचा सरळ हिशेब होता.

पुढच्याच वर्षी क्रिमियाचे युद्ध भडकले. जखमी ब्रिटिश सैनिकांच्या हालअपेष्टांचे वृत्तान्त लंडनच्या टाइम्स पत्रात येऊ लागले आणि जनमत खवळले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी आपल्या परिचयातील फ्लॉरेन्स यांना पाचारण केले. अडतीस स्त्रियांचे पथक घेऊन त्या ४ नोव्हेंबर १८५४ रोजी इस्तंबूलसमोरील स्कुटारी येथे पोहोचल्या. लष्करी डॉक्टरांना ही बायकांची फौज नको होती. फ्लॉरेन्स यांनी येथे जो संयम दाखवला तो नेतृत्वाचा पहिला धडा म्हणावा लागेल. डॉक्टरांनी बोलावल्याखेरीज एकाही परिचारिकेने वॉर्डात पाऊल टाकायचे नाही, असा दंडक त्यांनी घातला. समोर माणसे कण्हत असताना त्यांच्या परिचारिका पट्ट्या शिवत बसल्या. काही दिवसांतच इंकरमनच्या लढाईतील जखमींचा लोंढा आला व डॉक्टरांनी स्वतःहून साहाय्य मागितले. मग त्यांनी घासण्याचे ब्रश, सदरे, भांडी यांची खरेदी केली, एक घर भाड्याने घेऊन तेथे पाणी तापवण्याचे हंडे बसवले आणि सैनिकांच्या बायकांकडून कपडे धुण्याची सोय केली.

आणि तरीही माणसे मरतच राहिली. हा भाग पाठ्यपुस्तकांत येत नाही. त्या हिवाळ्यात स्कुटारीत चार हजारांहून अधिक सैनिक मरण पावले. त्यांतील बहुसंख्य शत्रूच्या गोळीने नव्हे, तर पटकी, आमांश आणि टायफस, टायफॉइड यांसारख्या ज्वरांनी. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथील मृत्युप्रमाण शेकडा बेचाळीसपर्यंत चढले. ज्या बराकीत रुग्ण ठेवले होते तिच्या खालून तुंबलेली गटारे वाहत होती. मार्च महिन्यात इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला. डॉ. जॉन सदरलंड व अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन यांनी गटारे उपसली, पाण्याच्या वाटेत सडत असलेली जनावरांची प्रेते काढली, भिंतींना चुना दिला, खिडक्यांतून वारा खेळता केला. जून उलटेपर्यंत मृत्युप्रमाण शेकडा दोनवर आले.

ऑगस्ट १८५६ मध्ये फ्लॉरेन्स मायदेशी परतल्या त्या टोपणनावाने, गुपचूप. देश त्यांच्या स्वागतासाठी उत्सुक होता. त्यांना मात्र मिरवणूक नको होती. त्यांच्यापुढे मेलेल्या सैनिकांचे आकडे होते. सुप्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासह त्या आकड्यांची छाननी करताना जे दिसले ते भयंकर होते. युद्धभूमीलगतच्या रुग्णालयांपेक्षा स्कुटारीत अधिक माणसे मेली होती. तोवर त्यांची समजूत होती की थंडी, उपासमार व अपुरी सामग्री यांनी खंगलेले सैनिक उशिरा पोहोचले म्हणून दगावले. आता गटारांचा व कोंदट हवेचा वाटा उघड झाला. स्वतःच्या देखरेखीखालील रुग्णालयच मृत्यूचे कारण ठरले, ही जाणीव त्यांना किती खोलवर लागली याविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. पण त्यानंतरचे त्यांचे वर्तन नि:संदिग्ध आहे. त्यांनी हे आकडे झाकले नाहीत. १८५८ मध्ये छापलेल्या प्रदीर्घ अहवालात त्यांनी स्कुटारीची कथा सविस्तर मांडली आणि राज्यकर्त्यांना एका दृष्टिक्षेपात कळावे म्हणून मृत्यूच्या कारणांची रंगीत चक्राकृती काढली. त्याच वर्षी लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. ज्या वेळी जग आपल्याला देवता मानते त्याच वेळी स्वतःच्या अपयशाचा हिशेब मांडणे, हे धैर्य कंदील घेऊन फिरण्याहून निश्चितच दुर्मीळ आहे.

रुग्णालयाने रुग्णाला अपाय करू नये ही त्याची पहिली पात्रता होय, हा विचार त्यांनी १८५९ मधील आपल्या रुग्णालयविषयक ग्रंथात मांडला. परिचर्येवरील त्यांचे छोटे पुस्तक याच सुमारास आले. परिचारिकेने दिवसातून अनेकदा हात धुवावेत, हा आज बाळबोध वाटणारा नियम त्यात आहे. तथापि त्या पुस्तकातील सर्वांत मोलाचे प्रकरण व्यवस्थापनावरील आहे. आपण हजर असताना जे काम नीट होते, ते आपण हजर नसतानाही तसेच कसे होईल याची व्यवस्था लावणे, हेच खऱ्या प्रमुखाचे लक्षण, असा त्याचा आशय आहे. सर्व कामे स्वतःच्या हातांनी करणारी माणसे आपल्याही संस्थांत अनेक असतात, व त्यांचा गौरवही होतो. त्यांच्या पश्चात काय उरते याचा विचार फ्लॉरेन्स यांनी आधी केला.

क्रिमियातील सेवेबद्दल कृतज्ञ जनतेने सुमारे ४५,००० पौंडांचा निधी त्यांना अर्पण केला होता. त्यातून १८६० च्या उन्हाळ्यात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिका प्रशिक्षण शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थिनी. प्रशिक्षण वर्षभराचे, राहणे, जेवण, गणवेश आणि वर्षाला दहा पौंड. अधिसेविका सेरा वॉर्डरोपर प्रत्येकीच्या कामाची व वर्तणुकीची मासिक नोंद ठेवीत. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, सचोटी, मलमपट्टी, वॉर्डातील हवा खेळती राखणे, सगळ्याला रकाने होते. परंतु घरोघर जाऊन शुश्रूषा करणाऱ्या कुशल बायका तयार करणे हा शाळेचा मुख्य हेतू नव्हता. येथून शिकलेल्या स्त्रियांनी अन्य रुग्णालयांत जावे, तेथे दुसऱ्यांना शिकवावे, तेथून आणखी पुढे जावे, अशी ती योजना होती. म्हणूनच त्यांना एकट्यादुकट्या न पाठवता प्रमुखासह गटाने पाठवण्यावर फ्लॉरेन्स यांचा भर असे. दुसरी अट अधिक वादाची होती. परिचारिकांवरील अधिकार रुग्णालयाच्या कारभाऱ्याकडे किंवा डॉक्टरांकडे नसून अधिसेविकेकडेच असला पाहिजे. वॉर्ड अस्वच्छ राहिला तर जाब कोणाला विचारायचा हे एका माणसाच्या नावावर निश्चित हवे, आणि जाब विचारायचा तर अधिकारही दिला पाहिजे. मोठ्या रुग्णालयांत आढळणारे संसर्ग नियंत्रण परिचारिका हे स्वतंत्र पद ब्रिटनमध्ये प्रथम १९५९ मध्ये टॉर्बे येथील रुग्णालयात निर्माण झाले; त्यामागील तत्त्व शंभर वर्षे आधीचे आहे.

या शाळेतील सर्वांत तेजस्वी विद्यार्थिनी म्हणजे आयरिश घराण्यातील अ‍ॅग्नेस जोन्स. लिव्हरपूल येथे निराधार व दरिद्री लोकांसाठी असलेल्या सरकारी आश्रयगृहाला जोडून मोठे रुग्णालय होते. तेथे बाराशेच्या आसपास रुग्ण, आणि त्यांची शुश्रूषा आश्रयगृहातील इतर निराधार स्त्रियाच करीत. त्यांतील अनेक दारूच्या आहारी गेलेल्या. विल्यम रॅथबोन या दानशूर व्यापाऱ्याने खर्च उचलण्याची तयारी दाखवली आणि १८६५ मध्ये अ‍ॅग्नेस बारा प्रशिक्षित परिचारिकांसह तेथे गेल्या. तीन वर्षांत त्या नरकपुरीचा कायापालट झाला. गरिबांनाही प्रशिक्षित परिचारिका मिळू शकते हे इंग्लंडने प्रथमच पाहिले. फेब्रुवारी १८६८ मध्ये टायफस ज्वराची साथ आली. रुग्णांना सांभाळता सांभाळता अ‍ॅग्नेस यांनाच त्याची लागण झाली व वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी त्या गेल्या. फ्लॉरेन्स यांना हा आघात कन्यावियोगासारखा होता. शोकापाठोपाठ दुसरे संकट उभे राहिले: अ‍ॅग्नेसची जागा घेईल अशी दुसरी स्त्री सापडेना. एक असामान्य नेती घडली होती, दुसरी फळी घडली नव्हती. त्याच वर्षी फ्लॉरेन्स यांनी एका मासिकात अ‍ॅग्नेसवर लेख लिहिला. तो श्रद्धांजलीचा असला तरी त्याचा रोख सुशिक्षित तरुणींनी या कामी पुढे यावे यावर होता.

याच सुमारास घडलेली आणखी एक घटना त्यांच्या चरित्रात क्वचितच सांगितली जाते. खेड्यापाड्यांसाठी सुईणी तयार कराव्यात म्हणून नाइटिंगेल निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात एक प्रसूतिकक्ष चालवला जात होता. तो त्यांचा लाडका उपक्रम. तेथे बाळंतज्वराने एकामागून एक माता दगावू लागल्या. कक्ष स्वच्छ होता, परिचारिका निवडक होत्या, हेतू निर्मळ होता. माता मात्र मरत होत्या. १८६७ मध्ये फ्लॉरेन्स यांनी तो कक्ष बंद करविला. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. युरोपभरच्या सूतिकागृहांची मृत्युसंख्या मागवून त्यांनी तुलना केली आणि १८७१ मध्ये ग्रंथरूपाने निष्कर्ष प्रसिद्ध केला: गरिबाच्या झोपडीत बाळंत होणारी स्त्री मोठ्या सूतिकागृहातील स्त्रीपेक्षा अधिक सुरक्षित असते. व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्येच क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने डॉक्टरांना हात धुवायला लावून हाच बाळंतज्वर आटोक्यात आणला होता. पण सहकाऱ्यांना न पटवता, प्रसंगी दुखावून, तो एकाकी झगडत राहिला आणि १८६५ मध्ये उपेक्षित अवस्थेत वारला. त्याच्याजवळ सत्य होते. ते इतरांच्या हातून नित्य आचरले जाईल अशी व्यवस्था त्याला उभारता आली नाही.

फ्लॉरेन्स यांच्याही हातून माणसांची पारख नेहमीच अचूक झाली असे नाही. १८६८ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे पाच सहकारिणींसह पाठवलेल्या लूसी ऑस्बर्न यांच्यावर त्या लवकरच रुष्ट झाल्या व ही मोहीम फसली असे त्यांनी मनाशी ठरवले. इकडे लूसीबाई उंदीर-ढेकणांनी बुजबुजलेल्या रुग्णालयात व्यवस्थापक मंडळाशी झुंजत होत्या. १८७३ च्या सरकारी चौकशीने दोष मंडळाचा असल्याचे दाखवून दिले. लूसीबाई १८८४ पर्यंत तेथे टिकल्या आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या स्त्रिया त्या खंडातील इतर रुग्णालयांच्या प्रमुख झाल्या. लंडनच्या खोलीतून फसलेले वाटलेले रोप दूरदेशी चांगले मूळ धरून होते.

उलट, डोळ्यांसमोरची शाळा मात्र सुकत चालली होती. १८७२ च्या सुमारास फ्लॉरेन्स यांनी बारकाईने लक्ष घातले तेव्हा आढळले की विद्यार्थिनींना शिकवण्यापेक्षा राबवूनच अधिक घेतले जाते आणि मासिक नोंदी यांत्रिकपणे भरल्या जातात. त्यांनी दोष स्वीकारून नव्याने आरंभ केला. विद्यार्थिनींच्या अभ्यासाकडे पाहण्यासाठी स्वतंत्र गृहभगिनी नेमली, डॉक्टरांची व्याख्याने सुरू केली आणि दरवर्षी विद्यार्थिनींना उद्देशून एक पत्र लिहिण्याचा परिपाठ ठेवला. शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक होतकरू तरुणीला त्या आपल्या साउथ स्ट्रीटवरील घरी चहाला बोलावीत. तासभर गप्पा होत. ती गेल्यावर तिच्या स्वभावाचे टिपण लिहिले जाई. अधिसेविका होऊन दूर गेलेल्या शिष्यांशी पत्रव्यवहार चाले. त्यांत व्यवस्थापक मंडळाशी कसे बोलावे येथपासून प्रकृतीला जपून विश्रांती कशी घ्यावी येथपर्यंत सारे असे. कामाने थकलेल्यांना फळफळावळ, कोंबडीचे सूप असे खाद्यपदार्थही धाडले जात. एडिंबरोच्या रुग्णालयाची घडी बसवणाऱ्या अँजेलिक प्रिंगल १८८७ मध्ये वॉर्डरोपरबाईंच्या जागी सेंट थॉमसच्या अधिसेविका झाल्या, तेव्हा या दीर्घ परिश्रमांचे एक वर्तुळ पूर्ण झाले.

भारतात त्या कधीच आल्या नाहीत. पण भारताविषयी त्यांनी जितके वाचले तितके त्या काळच्या थोड्याच इंग्रजांनी वाचले असेल. हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्यासाठी १८५९ मध्ये शाही आयोग नेमला गेला. प्रत्येक छावणीकडून आलेल्या उत्तरांची गाठोडी त्यांच्या घरी पोहोचली. गोऱ्या सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ असल्याचे त्यातून निष्पन्न झाले. १८६३ च्या अहवालानंतर मुंबई, मद्रास व बंगाल या तिन्ही इलाख्यांत स्वच्छता आयोग स्थापन झाले. छावणीची स्वच्छता सभोवतालच्या गावांवर अवलंबून आहे हे ध्यानी येताच त्यांचा विचार सैनिकांकडून रयतेकडे वळला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता व मुंबई इलाख्यातील १८८९ च्या ग्रामस्वच्छता कायद्यात त्यांनी बारकाईने लक्ष घातले. कायद्याची प्रत गावात पोहोचते, पण तो अमलात आणणारा माणूस कोठे आहे, हा त्यांचा प्रश्न येथेही होताच. १८९० च्या दशकात इंग्लंडच्या बकिंगहॅमशायर परगण्यात खेड्यातील घरोघरी जाऊन आरोग्य शिकवणाऱ्या स्त्रियांचे प्रशिक्षण त्यांनी सुरू करविले आणि भारतीय खेड्यांसाठीही, तेथल्याच लोकांतून, असे आरोग्यशिक्षक तयार व्हावेत असे सुचवले.

त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. रोग सूक्ष्म जंतूंमुळे होतात हा सिद्धान्त त्यांनी दीर्घकाळ मान्य केला नाही. दूषित हवा व घाण यांनाच त्या मूळ मानीत. सुदैव असे की घाण काढणे हा उपाय दोन्ही मतांनी योग्यच ठरत होता. पुरावा वाढला तशी त्यांची भूमिका बदलली व १८८० नंतरच्या लेखनात जंतुनाशकांच्या वापराच्या सूचना दिसू लागल्या. परिचारिकांच्या शासकीय नोंदणीला मात्र त्यांनी अखेरपर्यंत विरोध केला. परीक्षेने चारित्र्य मोजता येत नाही हे त्यांचे म्हणणे खरे. पण नोंदणीवाचून हजारो परिचारिकांना प्रतिष्ठा मिळणे कठीण होते, हे त्यांनी ओळखले नाही असेच म्हणावे लागेल.

शतक पालटले तेव्हा दृष्टी मावळली होती. १९०७ मध्ये राजा एडवर्ड सातवे यांनी ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान दिला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. १३ ऑगस्ट १९१० रोजी, लंडनमधील राहत्या घरी, झोपेतच त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत दफनाचा राष्ट्रीय मान देऊ करण्यात आला होता. कुटुंबीयांनी तो सविनय नाकारला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो या खेड्यातल्या चर्चच्या आवारात, आईवडिलांच्या शेजारी, त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्या दगडावर त्यांचे नावही कोरलेले नाही. केवळ दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूची वर्षे आहेत.